गडगडाटी वादळाचा अंदाज: जिल्हा सापडतो, गाव निसटतं

20 मार्च 1948 च्या रात्री अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टिंकर नावाच्या हवाई दलाच्या तळावर टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, येऊन आदळला. उभी विमानं एकमेकांवर फेकली गेली, सुमारे 1 कोटी डॉलरचं नुकसान झालं. टोर्नेडो येईल असं आधी कुणी सांगितलं नव्हतं. चौकशी झाली आणि तळावरच्या अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांवर काम सोपवलं गेलं: असली वादळं आधी ओळखता येतात का, ते शोधा. दोघांनी जुने नकाशे उपसले आणि टोर्नेडो झालेल्या दिवशी हवेत काय काय एकत्र आलं होतं याचा मेळ घातला. 25 तारखेला सकाळचा नकाशा पाहतात तर जवळपास तसाच मेळ पुन्हा जमलेला. वरिष्ठांनी विचारलं, अंदाज द्यायचा का? थोडं बिचकतच त्यांनी दिला. विमानं हलवली, सामान बांधून ठेवलं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच तळावर दुसरा टोर्नेडो आला.

टोर्नेडोचा पहिला अधिकृत अंदाज म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. पण तिचे दोन तुकडे करून पाहायला हवेत. त्या भागात त्या दिवशी भयंकर वादळं होण्याजोगी हवा आहे, हे दोघांनी ओळखलं. ते त्यांचं कर्तृत्व. टोर्नेडो नेमका त्याच तळावर आला, हे मात्र निव्वळ नशीब. पाच दिवसांत एकाच ठिकाणी दोनदा असं होणं इतकं दुर्मीळ आहे की त्याचा अंदाज तेव्हा कुणी देऊ शकत नव्हतं आणि आजही देऊ शकत नाही.

वादळ होण्याजोगी हवा आहे का, हा एक प्रश्न. ते नेमकं कुठे आणि किती वाजता होईल, हा दुसरा. पहिल्याचं बऱ्यापैकी उत्तर एक-दोन दिवस आधी मिळतं. दुसऱ्याचं उत्तर ढग आकाशात दिसेपर्यंत बहुतेक वेळा मिळतच नाही. 'अंदाज चुकला' अशी जी ओरड होते, तिच्यातला मोठा भाग पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याचं समजून वाचल्यामुळे होते.

हवेत काय जमून यावं लागतं

गडगडाटी वादळाला तीन गोष्टी लागतात: जमिनीलगत भरपूर बाष्प, वरच्या थरांत पुरेशी थंड हवा आणि खालच्या हवेला वर ढकलणारं काहीतरी. वादळ उग्र व्हायचं, तर चौथी गोष्ट लागते. तिच्याकडे नंतर येऊ.

जमिनीजवळची हवा वर चढली की दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. ढग बनण्याआधी ती दर किलोमीटरला सुमारे 9.8 अंश सेल्सिअसने थंड होते. थंड होता होता एका उंचीवर बाष्पाचे थेंब बनू लागतात. तो ढगाचा तळ. थेंब बनताना बाष्पातली सुप्त उष्णता बाहेर पडते, त्यामुळे इथून पुढे हवा सावकाश थंड होते. दमट, उबदार हवेत दर किलोमीटरला साधारण पाच-सहा अंशच. आता आजूबाजूची हवा उंचीबरोबर सात-आठ अंशांनी थंड होत असेल, तर वर चढणारी हवा प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या हवेपेक्षा उबदार, म्हणून हलकी राहते. तिला आता ढकलावं लागत नाही, ती आपणहून वर उसळते. बारा, पंधरा, कधी त्याहून जास्त किलोमीटर उंचीवर तपांबर संपतं, तिथे तिची चढण थांबते आणि ढगाचा माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो.

या उसळीत किती ऊर्जा दडली आहे हे मोजायला 'केप' नावाचा आकडा वापरतात, एकक जूल प्रति किलो. हजारापर्यंत बेताचा, अडीच हजारांच्या पुढे दणकट. 2000 केपचा कागदावरचा हिशेब केला तर ढगात वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला 63 मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात पावसाचं वजन आणि आजूबाजूची कोरडी हवा मिसळल्यामुळे तो पुष्कळ कमी भरतो, पण निम्मा धरला तरी गारा तोलून धरायला पुरे. 23 जुलै 2010 ला अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात व्हिव्हियन गावी पडलेल्या गारेचा व्यास 20 सेंटिमीटर होता, वजन पाऊण किलोच्या वर. एवढा बर्फ हवेत अधांतरी ठेवणारा झोत आत असतो.

केपचे लालभडक नकाशे हल्ली कुणालाही मोबाइलवर दिसतात. नुसता तो नकाशा पुढे पाठवून 'आज धुमाकूळ' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. केप म्हणजे साठा. तो बाहेर पडेल की नाही हे तो आकडा सांगत नाही.

अर्ध्या अंशाचा खेळ

हवामान केंद्रांतून जगभर ठरलेल्या वेळी, बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा, फुगे सोडले जातात. फुग्याखाली छोटी डबी असते. ती तापमान, आर्द्रता आणि दाब मोजत वर जाते आणि दर क्षणाला रेडिओवरून कळवत राहते. फुगा कुठे वाहत जातो त्यावरून प्रत्येक थरातला वारा समजतो. मिनिटाला सुमारे 300 मीटर चढत तो तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतो. हाती येतात दोन रेघा: एक तापमानाची, दुसरी दवबिंदूची. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानाला आली की तिच्यातलं बाष्प निथळू लागेल तो अंश. दोन रेघा जवळ असतील तिथे हवा दमट, लांब असतील तिथे कोरडी.

समजा, एका सकाळी असं चित्र आलं. जमिनीलगत दवबिंदू 22 अंश, म्हणजे बाष्प भरपूर. सुमारे दोन किलोमीटरवर मात्र गरम, कोरड्या हवेचा एक थर आडवा पसरलेला. त्याच्या वर तापमान झपझप उतरतंय. केप अडीच हजार. वादळाचा सगळा शिधा तयार आहे, फक्त मधला तो गरम थर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा बसला आहे. खालून येणारी हवा त्याला धडकते, आजूबाजूपेक्षा थंड ठरते आणि मागे फिरते. झाकण फुटायला जमिनीवरचं तापमान किती लागेल, हा हिशेब करता येतो. समजा, उत्तर आलं 37 अंश. ढगाचा तळही अदमासे सांगता येतो: तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशाच्या फरकाला सुमारे 125 मीटर. फरक 15 अंशांचा, म्हणजे तळ 1900 मीटरच्या आसपास.

आता संगणकाचं प्रारूप (हवेचं गणित सोडवून अंदाज काढणारं मॉडेल) म्हणतंय, आजचं कमाल तापमान 36.5.

पुढे काय? दुपारी एकच्या सुमारास वरच्या पातळ ढगांची चादर सरकत आली, ऊन मंदावलं आणि पारा 35 वर अडकला, तर संध्याकाळी नुसता उकाडा, थेंब नाही. ऊन कडक राहिलं, पारा 37.5 ला गेला, तर चारच्या ठोक्याला दिवसभर दाबून ठेवलेली सगळी ऊर्जा एकदम सुटेल. तिसरी शक्यता म्हणजे दुपारच्या वाऱ्याने वरची कोरडी हवा खाली घुसळली, दवबिंदू 22 चा 19 झाला आणि पारा चढूनही ढग खुरटेच राहिले. म्हणजे भीषण वादळ आणि कोरडी संध्याकाळ यांच्यात अंतर अंशाभराचं. तेवढी चूक दोन मोजणी केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत सहज लपते.

झाकणाची गंमत अशी की ते वादळाचं शत्रूही आहे आणि सख्खं मित्रही. झाकण नसेल तर सकाळी अकरापासूनच इथे-तिथे लहान सरी सुरू होतात, सावली पडते, जमीन थंड होते आणि साठा किरकोळ खर्चात संपतो. घट्ट झाकण उशिरा फुटलं की खर्च एकदम होतो. म्हणून दुपारपर्यंत लख्ख निळं आकाश पाहून अंदाजकर्ता निर्धास्त होत नाही.

उग्रता कुठून येते

दुसऱ्या महायुद्धानंतर विमान अपघातांमुळे अमेरिकेने वादळांचा मोठा अभ्यास हाती घेतला: 1946 मध्ये फ्लोरिडात, 1947 मध्ये ओहायोत. लढाऊ विमानं वेगवेगळ्या उंचीवरून थेट गडगडाटी ढगांत घालण्यात आली. त्यातून साध्या वादळाचं आयुष्य स्पष्ट झालं. आधी हवा फक्त वर जाते. मग पाऊस पडू लागतो आणि त्याच्यासोबत थंड हवा खाली कोसळते. शेवटी ही थंड हवा तळाशी पसरून वर जाणाऱ्या हवेचा रस्ता अडवते आणि ढग स्वतःच्याच पावसात विझतो. सगळा कारभार तासाभरात आटोपतो.

मग काही वादळं चार-पाच तास कशी जगतात? इथे चौथी गोष्ट येते, वाऱ्यातला फरक, म्हणजे विंड शिअर. जमिनीजवळ वारा मंद आणि एका दिशेचा, सहा किलोमीटरवर जोराचा आणि वेगळ्या दिशेचा असेल तर ढग कलतो. पाऊस बाजूला पडतो आणि वर जाणारा झोत मोकळा राहतो. हा फरक सेकंदाला वीसेक मीटरच्या पुढे गेला की झोत स्वतःभोवती फिरू लागण्याची शक्यता बरीच वाढते. अशा फिरत्या वादळाला सुपरसेल म्हणतात. इंग्लंडमधल्या वोकिंगहॅमजवळ 9 जुलै 1959 ला झालेल्या गारांच्या वादळाच्या रडार-नोंदींचा अभ्यास करून कीथ ब्राउनिंग यांनी हा प्रकार उलगडला. मोठ्या गारा आणि जबर टोर्नेडो बहुतेक या जातीच्या ढगांतून येतात.

शिअर कमी असतानाही धोका असतोच. मधल्या थरात कोरडी हवा असेल तर पडणारा पाऊस वाटेतच वाफ होऊ लागतो, त्यात हवा गार होऊन जड होते आणि दगडासारखी खाली येते. जमिनीवर आपटून ती चहूबाजूंना सुटते आणि झाडं, पत्रे, खांब आडवे करते. याला डाउनबर्स्ट म्हणतात. कधी कधी पाऊस दोन थेंब आणि वारा मात्र भयानक, त्याचं कारण हेच.

आणि वीज? अमेरिकेत वादळ 'उग्र' ठरवायला अडीच सेंटिमीटरची गार, ताशी सुमारे 93 किलोमीटरचा वाऱ्याचा झोत किंवा टोर्नेडो लागतो. विजेचं त्या यादीत नावच नाही. कारण साधं आहे: मेघगर्जना आहे तिथे वीज आहेच, मग तिच्यावरून डावं-उजवं करणार कसं? पण याचा अर्थ असाही होतो की 'उग्र नाही' असा शेरा मिळालेलं वादळही माणूस मारू शकतं.

गाव कुठलं?

झाकण सगळीकडे सारखं फुटत नाही. ते फुटतं जिथे खालची हवा दोन बाजूंनी येऊन एकमेकींवर आदळते आणि नाइलाजाने वर जाते: समुद्रावरून आत सरकणाऱ्या गार वाऱ्याची कड, डोंगराचा उतार, ओली जमीन आणि तापलेली जमीन यांची सीमा. सगळ्यात खोडकर म्हणजे आधीच्या वादळाने टाकलेल्या थंड हवेची कड. वादळ मेलं तरी त्याची थंड हवा जमिनीवरून कित्येक किलोमीटर सरकत राहते आणि वाटेत नवीन ढग उभे करते. रडारवर ही कड केसासारख्या बारीक रेषेत दिसते. त्या रेषेत पाऊस नसतो. वाऱ्याने ढकलत आणलेले किडे आणि धूळ असते. अशा दोन रेषा एकमेकींकडे सरकत असतील तर अनुभवी अंदाजकर्ता त्या जिथे भेटतील त्या ठिकाणावर नजर लावून बसतो. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात तिथे ढग उसळण्याची बरीच शक्यता असते.

या रेषा आदल्या दिवशी अस्तित्वातच नसतात. संध्याकाळची वादळं दुपारच्या वादळांनी घडवलेली, दुपारची वादळं सकाळच्या ढगांच्या सावलीने. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1969 मध्ये गणिताने दाखवलं की हवेतल्या हालचाली जितक्या लहान आकाराच्या, तितकी त्यांचा अंदाज देण्याची मुदत कमी. त्यांच्या हिशेबात मोठ्या हवामान प्रणालींना काही दिवस मिळाले आणि एकेका ढगाच्या आकाराच्या हालचालीला जेमतेम तासभर. उपकरणं सुधारली की ही मुदत थोडी ताणली जाते, पण चूक लहान आकारातून मोठ्यात पसरण्याचा वेग उपकरणांच्या हातात नाही.

मग महासंगणक काय कामाचे? बऱ्याच कामाचे. जुनी प्रारूपं जमिनीचे दहा-बारा किलोमीटरचे चौकोन पाडत. ढगातला झोत असतो काही किलोमीटर रुंद, म्हणजे तो त्या जाळीतून गळूनच जायचा. आता एक ते चार किलोमीटरच्या जाळीवर वादळं प्रारूपात स्वतः उभी राहतात. ती ज्या गावावर दाखवली त्याच गावावर होतील असं नाही, पण वादळं किती वाजता सुरू होतील, सुटी राहतील की एका रांगेत जमतील, कुठल्या दिशेने सरकतील, हे पुष्कळदा बरोबर निघतं. शिवाय सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित अनेकदा सोडवतात. वीसपैकी सहा उत्तरांत वादळ आलं, तर त्यावरून शक्यतेचा अंदाज बांधता येतो. एकाच उत्तराचा सुबक, रंगीत नकाशा पाहून भुलण्यापेक्षा हे बरं.

ढग दिसू लागले की खेळ बदलतो. सुमारे 36,000 किलोमीटरवरचा उपग्रह ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो; माथा काही मिनिटांत झरझर गार होत असेल तर ढग वेगाने उंच वाढतोय. वीजमोजणी यंत्रणेत कडकडाटांची संख्या एकाएकी उडी मारते तेव्हा आतला झोत जोर धरत असतो. डॉपलर रडार पावसाचा जोर आणि वाऱ्याची दिशा दोन्ही दाखवतं. मात्र रडारची किरणं सरळ जातात आणि पृथ्वी वाकलेली आहे. अर्धा अंश वर रोखलेला रडारचा किरण 100 किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि 200 किलोमीटरवर तब्बल चार. म्हणजे रडारपासून लांबच्या गावाचा ढग फक्त वरून दिसतो, पोटाखाली काय चाललंय ते कळत नाही. रडारच्या जवळ राहणाऱ्याला मिळणारा इशारा लांबच्यापेक्षा चांगला असतो, तो यामुळे.

आता जे वादळ आहे ते पुढच्या अर्ध्या तासात कुठे जाईल, हे चांगलं सांगता येतं. नवीन कुठे जन्मेल आणि असलेलं कधी मरेल, इथे घोडं अडतं. 'येत्या तीन तासांत' असं सांगणाऱ्या नाऊकास्टमध्ये पहिला तास जितका भरवशाचा, तितका तिसरा नसतो.

टक्के कसे वाचायचे

1884 मध्ये अमेरिकेच्या लष्करी हवामान सेवेतल्या जॉन फिनली यांनी टोर्नेडोचे प्रायोगिक अंदाज केले आणि 96.6 टक्के अचूकतेचा दावा केला. 2803 अंदाजांपैकी 2708 बरोबर. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने हा हिशेब उलगडून पाहिला. टोर्नेडो प्रत्यक्षात झाले 51 वेळा. म्हणजे फिनली यांनी काहीच न करता रोज 'टोर्नेडो नाही' असं लिहिलं असतं तर अचूकता 98.2 टक्के भरली असती! फिनली यांनी 'होईल' म्हटलं 100 वेळा आणि त्यातले खरे ठरले 28.

आता या 28 मध्ये हसण्यासारखं खरं तर काही नाही. जी घटना पन्नासात एकदाही होत नाही, ती फिनली 'होईल' म्हणाले तेव्हा चारात एकदा झाली. माहिती भरपूर होती, फक्त 'होईल-नाही' या साच्यात ती मावली नाही. म्हणून आज अनेक ठिकाणी उग्र वादळांचा अंदाज टक्क्यांत देतात. अमेरिकेतला 15 टक्क्यांचा अंदाज म्हणजे तुम्ही आहात त्या ठिकाणापासून सुमारे 40 किलोमीटरच्या आत उग्र वादळ होण्याची शक्यता 15 टक्के. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण एरवीच्या दिवशी ती शक्यता एक टक्का असेल, तर आजचा दिवस पंधरापट वाईट आहे.

किती टक्क्यांना हालचाल करायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं आणि गणित अवघड नाही. सावधगिरीचा खर्च आणि न घेतल्यास होणारं नुकसान यांचं गुणोत्तर काढा. मांडव उतरवायला 5,000 खर्च आणि तो उडाला तर नुकसान 1,00,000, म्हणजे शक्यता पाच टक्क्यांच्या वर गेली की उतरवणं परवडतं. याच हिशेबाने वीसपैकी बऱ्याच वेळा मांडव उगाच उतरवला जाईल, आणि तरीही वर्षअखेरीस हाच माणूस फायद्यात राहील. कपडे वाळत घालणाऱ्याचा आकडा वेगळा, कारण भिजलेले कपडे पुन्हा वाळतात. उघड्या मैदानावर शेकडो मुलं जमवणाऱ्याचा आकडा अगदी खाली, आणि तिथे शेवटचा निर्णय टक्क्यांवर सोडायचाच नसतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे आणि मुलं पक्क्या इमारतीत हवीत. आवाज थांबल्यावरही अर्धा तास त्यांना आतच ठेवावं. ढगाचा मुख्य भाग पुढे गेला तरी मागे पसरलेल्या माथ्यातून वीज पडू शकते, आणि तेव्हा डोक्यावर कधी कधी ऊनही पडलेलं असतं.